रश ऐकायचाय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रश म्हणजे कॅनडातल्या टोरोंटोचा तिघांचा बँड. बास, कीबोर्ड आणि गाणं गेडी लीकडे, गिटार ॲलेक्स लाइफसनकडे, ड्रम आणि गाण्यांचे शब्द नील पिअर्टकडे. 1974 ते 2012 या काळात त्यांचे 19 स्टुडिओ अल्बम आले. प्रोग्रेसिव्ह रॉक म्हटलं की लोकांना आधी अवघड ताल आणि वीस-वीस मिनिटांची गाणी आठवतात, आणि रशबद्दलचे निम्मे प्रश्न त्या धास्तीतूनच येतात. आमचं मत सुरुवातीलाच सांगतो: रशचा ताल कितीही वाकडा असला तरी गाणं सरळ चालतं, आणि तेच त्यांचं खरं कसब आहे. खालची सगळी उत्तरं या मतावर उभी आहेत.

कुठल्या अल्बमपासून सुरुवात करावी?

'मूव्हिंग पिक्चर्स', 1981. त्यातही आधी फक्त पहिली बाजू ऐका: 'टॉम सॉयर', 'रेड बार्केटा', 'वाय वाय झेड', 'लाइमलाइट'. चार गाणी, जेमतेम वीस मिनिटं. ही चार गाणी सलग दोन-तीनदा ऐकून झाली की मग दुसरी बाजू. दुसऱ्या बाजूच्या सुरुवातीला 'द कॅमेरा आय' हे जवळजवळ अकरा मिनिटांचं गाणं आहे. पहिल्याच बैठकीत तिथवर पोचलात तर कान थकलेले असतात आणि चांगलं गाणं उगाच लांबलेलं वाटतं.

त्यानंतर एक पाऊल मागे, 'पर्मनंट वेव्हज' (जानेवारी 1980). मग एक पाऊल पुढे, 'सिग्नल्स' (1982). या तीन अल्बममध्ये बँडनं आधीच्या लांबलचक रचनांमधली सगळी करामत चार-पाच मिनिटांच्या गाण्यात बसवली आहे. '2112' आणि 'हेमिस्फिअर्स' याच्या नंतर घ्या.

पहिल्या अल्बमपासून क्रमानं जाण्याचा मोह टाळा. 1974 च्या 'रश' या अल्बमवर पिअर्ट नाहीच, ड्रमवर जॉन रट्सी आहे, आणि संगीत सरळ हार्ड रॉकचं आहे. पिअर्ट त्याच वर्षी जुलैमध्ये आला. पहिला अल्बम वाईट नाही, पण तो ऐकून रशबद्दल मत बनवलं तर ते चुकणार.

निवडक गाण्यांचा संग्रह घेतला तर चालेल ना?

चालेल, पण फसगत होते. संग्रहात 1976 चं गाणं संपलं की लगेच 1985 चं लागतं. मधल्या काळात आवाज, वाद्यं, निर्माता सगळं बदललेलं असतं, त्यामुळे बँड धरसोड करणारा वाटतो. अल्बममागून अल्बम ऐकलं की हाच बदल टप्प्याटप्प्यानं कळतो.

गेडी लीचा आवाज कानाला टोचतो. काय करावं?

ही तक्रार रास्त आहे, आणि तिच्यावर उपायही आहे. आवाज सगळ्यात चढा आहे तो सत्तरच्या दशकात, आणि त्यातही 1978 च्या 'हेमिस्फिअर्स'वर. त्या वेळी वाद्यांचं ध्वनिमुद्रण वेल्समधल्या रॉकफील्ड स्टुडिओत आधी झालं. मग लंडनला ॲडव्हिजन स्टुडिओत गायला उभं राहिल्यावर कळलं की रचनांची पट्टी गळ्याच्या मानानं फारच वरची धरली गेली आहे. ली ताणून गातोय हे जे तुम्हाला वाटतं ते खरंच आहे.

'पर्मनंट वेव्हज'पासून पट्टी खाली येऊ लागते आणि 'सिग्नल्स'वर तो आरामात गातो. म्हणून आवाजाची अडचण असेल त्यानं त्यातल्या 'सब्डिव्हिजन्स' या गाण्यापासून सुरुवात करून मागे जावं. कान सरावला की जुन्या गाण्यांतली तीच किंकाळी '2112'मध्ये कशी कामाची ठरते ते कळतं. त्याबद्दल पुढे.

ताल मोजायचे कसे? मध्येच हातातून सुटतात.

आधी एक गोष्ट. आपल्याकडे सात मात्रा म्हटलं की रूपक आठवतो, दहा म्हटलं की झपताल, आणि एकदा ताल धरला की बंदिश संपेपर्यंत त्याचीच आवर्तनं चालतात. रशमध्ये गाण्याच्या पोटातच आकडा बदलतो. 'टॉम सॉयर' चारात चालतं, पण मधल्या वाद्यांच्या भागात सातात शिरतं आणि पुन्हा चारात येतं. 'फ्रीविल'च्या कडव्यांत सहा आणि सात आळीपाळीनं येतात, म्हणजे जोडून तेरा. तेव्हा हातावर ठेका धरून बसलात तर पहिल्याच वळणावर घसरणार.

रूपकाचा ठेकाही इथे लावू नका. रूपकाचे विभाग तीन-दोन-दोन, आणि समेवरच खाली. रशचा सात बहुधा चार अधिक तीन असा पडतो आणि पहिल्या मात्रेवर ड्रमचा ठोस आघात असतो. मात्रा तेवढ्याच असल्या तरी वजन भलत्या जागी पडतं.

करायचं असं: आकडे न मोजता बासची ओळ गुणगुणा. ती ओळ जिथे पुन्हा पहिल्या सुरावर येते तिथे एक टाळी. चार-पाच फेऱ्यांनंतर दोन टाळ्यांमधलं अंतर अंगात बसतं, आणि मग आत किती मात्रा आहेत ते हवं तर मोजा.

'वाय वाय झेड'च्या सुरुवातीला नक्की काय चाललेलं असतं?

हे जरा सावकाश बघू, कारण रशचा सगळा स्वभाव या काही सेकंदांत आहे.

वायवायझेड हा टोरोंटोच्या पिअर्सन विमानतळाचा संकेत. विमानाला ओळख पटावी म्हणून तो मोर्स कोडमध्ये प्रक्षेपित होतो, आणि त्याची लयच या रचनेचा आरंभ आहे. मोर्समध्ये वाय म्हणजे लांब-आखूड-लांब-लांब, झेड म्हणजे लांब-लांब-आखूड-आखूड. बोलून बघा:

दाऽ दि दाऽ दाऽ, दाऽ दि दाऽ दाऽ, दाऽ दाऽ दि दि.

खऱ्या मोर्समध्ये लांब खूण आखूड खुणेच्या तिप्पट असते. इथे ती दुप्पट धरली आहे. म्हणजे दाऽ ला दोन, दि ला एक. पहिला वाय सातचा, दुसराही सातचा, झेड सहाचा. एकूण वीस. वीस अर्ध्या मात्रा म्हणजे दहा मात्रा.

आता झपतालासारख्या दहा मात्रा हातावर धरा आणि तोंडानं वरचे बोल म्हणा. पहिला वाय मात्रेवर सुरू होतो. दुसरा वाय चौथ्या मात्रेच्या बरोब्बर अर्ध्यावर सुरू होतो, आणि बहुतेकांची टाळी तिथेच चुकते. झेड मात्र आठव्या मात्रेवर नीट येऊन बसतो आणि पुढची फेरी पुन्हा पहिल्या मात्रेवर. एकदा तो मधला अर्धा पकडला की उरलेलं आपोआप जमतं. सुरांचं म्हणाल तर षड्ज आणि तीव्र मध्यम यांच्यात जे अंतर आहे तेच इथल्या दोन सुरांत आहे, म्हणून ही ओळ कानाला अधांतरी वाटते.

आणि एवढा हिशेब असूनही रिओच्या माराकाना स्टेडियममध्ये 2002 साली हजारो लोक ही शब्द नसलेली रचना सुरात गात होते. 'रश इन रिओ' या लाइव्ह अल्बममध्ये ते स्वच्छ ऐकू येतं. आमच्या मताला याहून मोठा पुरावा नाही.

'2112' वीस मिनिटांचं आहे. मध्येच कंटाळा येतो. कसं ऐकावं?

20 मिनिटं 33 सेकंद, सात भाग. एलपीची अख्खी पहिली बाजू. त्याआधीचा 'कॅरेस ऑफ स्टील' 1975 मध्ये आपटला होता आणि कंपनीला आता आटोपशीर गाणी हवी होती. बँडनं 1976 मध्ये उलट ही रचना पुढे केली आणि तीच त्यांना तारून गेली.

गोष्ट साधी आहे. भविष्यातलं जग, सिरिंक्सच्या मंदिरातले पुजारी सगळ्यांचं वाचणं-ऐकणं ठरवतात. एका माणसाला धबधब्यामागच्या गुहेत जुनी गिटार सापडते. तो हरखून ती पुजाऱ्यांकडे नेतो आणि ते तिचा चुराडा करतात. गोष्ट माहीत असली की कंटाळा येत नाही, म्हणून आधी ती वाचून घ्या.

'डिस्कव्हरी' या भागावर कान ठेवा. पाण्याचा आवाज, मग कुणीतरी सुट्या, बेसूर तारा छेडतो. मग एकेक तार लावली जाते. मग हार्मोनिक्स (तारेला हलकेच स्पर्श करून काढलेले घंटेसारखे सूर), मग दोन-तीन सुरांच्या जोड्या, आणि हळूहळू त्यातून चाल उभी राहते. ज्यानं वाद्य कधी पाहिलंच नाही त्याचे हात गिटारवर कसे फिरतील, ते लाइफसननं वाजवून दाखवलं आहे. सोलो कितीही वेगवान वाजवता आला असता, पण इथे त्यानं मुद्दाम अडाणी बोटांनी वाजवलं, आणि म्हणून तो भाग इतका जिव्हारी लागतो.

पुढच्या 'प्रेझेंटेशन'मध्ये ली दोन्ही पात्रं गातो. नायक मऊ, खालच्या आवाजात. पुजारी त्या चढ्या किंकाळीत. पुजाऱ्यांचा अधिकार त्या किंकाळीतूनच कळतो.

या गाण्याचा आयन रँडशी काय संबंध?

रँड ही व्यक्तिवादाचा कडवा पुरस्कार करणारी लेखिका. '2112'ची कल्पना तिच्या 'अँथम' या कथेच्या जवळची आहे आणि पिअर्टनं अल्बमवरच तिचं ऋण मान्य केलं होतं. तो तेव्हा तेवीस वर्षांचा होता. पुढे त्यानं त्या विचारांपासून स्वतःला बरंच दूर केलं. रशचे सगळे शब्द रँडच्या चष्म्यातून वाचणं अन्यायाचं आहे. 'सब्डिव्हिजन्स'मध्ये उपनगरातल्या, चारचौघांत न बसणाऱ्या पोरांबद्दल जी माया आहे तिचा रँडशी काही संबंध नाही.

तिघंच असताना एवढा भरलेला आवाज कुठून येतो?

पायांतून. ली बास वाजवत गातो, मध्ये कीबोर्डकडे वळतो आणि पायाखाली मूग टॉरस पेडल असतात. पायानं एक खोल सूर धरून ठेवला की बास वरच्या सुरांवर मोकळा फिरतो आणि तळ रिकामा पडत नाही. 'झनाडू'साठी (1977) ली आणि लाइफसन दोघंही मंचावर दुहेरी मानेची वाद्यं घेत, त्यामुळे गाणं न थांबवता लाइफसनला सहा तारांवरून बारा तारांवर आणि लीला बासवरून गिटारवर जाता येई. पिअर्टकडे ड्रमशिवाय टेंपल ब्लॉक्स, ट्यूब्युलर बेल्स, विंड चाइम्स. बाहेरचे वादक मंचावर घ्यायचे नाहीत हा शिरस्ता त्यांनी दशकानुदशकं पाळला. 'क्लॉकवर्क एंजल्स' या शेवटच्या अल्बमच्या दौऱ्यात तंतुवाद्यांचा ताफा सोबत घेतला तेव्हाच तो मोडला.

ऐंशीच्या दशकातला सिंथेसायझरचा काळ टाळावा का?

नाही. 'सिग्नल्स'पासून 'होल्ड युवर फायर'पर्यंत (1982 ते 1987) कीबोर्ड पुढे आले आणि गिटारवाल्यांची मनं दुखावली, हे खरं. 'सिग्नल्स'च्या मिक्समध्ये गिटार खरोखरच मागे ढकलली गेली आहे आणि ती आमचीही तक्रार आहे. पण 'ग्रेस अंडर प्रेशर' (1984) आणि 'पॉवर विंडोज' (1985) नीट ऐका. लाइफसननं सोलोंवरचा भर कमी करून कॉर्डचे तुकडे, प्रतिध्वनी आणि रिकाम्या जागा यांतून गिटार वाजवली आहे. या काळात तो सगळ्यात कल्पक होता असं आमचं ठाम मत आहे.

शेवटी ऐकायचा तो 'प्रेस्टो' (1989). गाणी चांगली, ध्वनी पातळ.

'व्हेपर ट्रेल्स'ची कुठली आवृत्ती घ्यावी?

2013 ची रीमिक्स केलेली. यात दुमत नको.

मूळ अल्बम 2002 चा. पिअर्टनं 1997 मध्ये मुलगी आणि 1998 मध्ये पत्नी गमावली होती, त्यानंतर कित्येक वर्षांनी तिघं पुन्हा एकत्र आले होते. गाण्यांत जीव ओतलेला आहे. पण ध्वनीची पातळी इतकी वर चढवली होती की लाटांचे शेंडे कापले गेले. झांजा चरचरतात, बास आणि किक ड्रम एकमेकांत चिकटतात, आणि दहा-पंधरा मिनिटांत डोकं जड होतं. आवाज कमी करूनही ते जात नाही, कारण फाटलेपण ध्वनीतच मुरलेलं आहे.

इथे रीमास्टर आणि रीमिक्स यातला फरक समजून घ्या. रीमास्टरमध्ये तयार मिक्सवर शेवटचा हात फिरवतात. मिक्सच फाटलेलं असेल तर त्यानं काही सुधारत नाही. रीमिक्समध्ये प्रत्येक वाद्याच्या मूळ ट्रॅकपासून पुन्हा सुरुवात होते. डेव्हिड बॉट्रिलनं 2013 मध्ये तेच केलं. तुमच्या ॲपवर दोन्ही असतील तर नावात 'रीमिक्स्ड' शब्द आहे का ते बघून लावा.

ॲपमध्ये किंवा हेडफोनवर काही सेटिंग बदलावी का?

क्रॉसफेड बंद, गॅपलेस (दोन गाण्यांमध्ये खंड न पाडता वाजवणं) चालू. क्रॉसफेडमुळे एक गाणं दुसऱ्यावर चढतं आणि लाइव्ह अल्बमचा तर चुराडा होतो. बास बूस्टही बंद ठेवा. लीचा बास मधल्या पट्टीतला, किंचित खरखरीत आहे. बूस्टनं तो वाढत नाही, उलट टॉरस पेडल आणि किक ड्रम फुगतात आणि बासची ओळ त्यांच्याखाली दडपते. फोनच्या स्पीकरवर रश ऐकू नका, निम्मा बँड गायब होतो.

गिटार शिकतोय. लाइफसनचं काय आधी उचलावं?

'हेमिस्फिअर्स'च्या सुरुवातीची कॉर्ड. नेहमीच्या एफ शार्पच्या आकारातून निघते, पण वरच्या दोन तारा मोकळ्या. जाड तारेकडून बारीक तारेकडे पडदे असे: 2, 4, 4, 3, 0, 0. तर्जनी सहाव्या तारेवर दुसऱ्या पडद्यावर, अनामिका पाचव्या तारेवर चौथ्या, करंगळी चौथ्या तारेवर चौथ्या, मधलं बोट तिसऱ्या तारेवर तिसऱ्या पडद्यावर.

चूक होते ती तर्जनीची. सवयीनं ती आडवी पडून बार धरते आणि मोकळ्या तारा मुक्या होतात. तर्जनी फक्त टोकावर उभी ठेवा, तळवा मानेपासून जरा सोडवा आणि तारा एकेक करून छेडून बघा. सहाही वाजल्या पाहिजेत. मग हाच आकार मानेवर पुढे-मागे सरकवा. मोकळ्या दोन तारा त्याच राहतात आणि खालची कॉर्ड बदलत जाते. तो जो विस्तीर्ण, धुकट 'रशचा आवाज' म्हणतात, त्याचं मर्म बऱ्याच अंशी एवढंच आहे.

आणि ड्रम?

'टॉम सॉयर'ची हाय-हॅट, म्हणजे पायानं उघडझाप होणारी झांजांची जोडी. वेग मिनिटाला साधारण 88 ठोके, प्रत्येक ठोक्यात चार आघात, म्हणजे मिनिटाला 352, सेकंदाला जवळजवळ सहा. तेही एका हातानं. दोन्ही हातांनी वाजवलं तर सोपं पडतं, पण मग स्नेअरसाठी एक हात उचलावा लागतो आणि नेमका त्या क्षणी हाय-हॅटचा एक आघात गळतो. गाण्याची धार तिथेच जाते.

मेट्रोनोम 60 वर लावा, दोन मिनिटं न थांबता वाजवा, जमलं की चारनं वाढवा. कोपराच्या वरचा भाग दुखायला लागला तर वेग तुमच्या आवाक्याबाहेरचा आहे. मनगट आणि बोटांवर परत या. पिअर्ट स्वतः नव्वदच्या दशकात, जगभर नाव झाल्यानंतर, फ्रेडी ग्रूबरकडे शिकायला गेला आणि काठी धरण्याची पद्धत बदलून आला.

लाइव्ह अल्बमपैकी कुठला?

नेटकेपणा हवा तर 'एक्झिट... स्टेज लेफ्ट' (1981). तरुण, उघडावाघडा बँड हवा तर 'ऑल द वर्ल्ड्ज अ स्टेज' (1976, टोरोंटोचा मॅसी हॉल). 'डिफरंट स्टेजेस' (1998) घेतलात तर तिसरी डिस्क आधी लावा, ती 1978 च्या लंडनमधल्या हॅमरस्मिथ ओडियनची आहे.

'स्नेक्स अँड ॲरोज'च्या मुखपृष्ठावर सापशिडी कशी?

सापशिडीच आहे, आणि ती आपलीच आहे. पिअर्टला 2007 च्या या अल्बमचं नाव सुचल्यावर 'लीला' हा जुना भारतीय खेळ सापडला, ज्यात शिड्यांच्या जागी बाण असतात. मुखपृष्ठावर हरीश जोहारींनी रंगवलेला लीलेचा पट आहे. आपल्याकडे परंपरेनं ज्ञानेश्वरांशी जोडला जाणारा मोक्षपट याच कुळातला: साप म्हणजे दुर्गुण, शिडी म्हणजे सद्गुण, शेवटचं घर मोक्ष. अल्बममधली गाणीही श्रद्धा आणि नशीब याभोवतीच फिरतात, त्यामुळे चित्र नुसतं शोभेचं नाही. त्यातल्या तीन वाद्यरचनांपैकी 'होप' ही एकट्या लाइफसनच्या बारा तारांच्या गिटारची आहे, दोन मिनिटांची. ती चुकवू नका.

पिअर्ट गेल्यावर रश संपला का?

पिअर्ट 7 जानेवारी 2020 रोजी मेंदूच्या कर्करोगानं गेला. त्यानंतर ऑक्टोबर 2025 मध्ये ली आणि लाइफसननं जर्मन ड्रमर आनिका नीलेस हिला सोबत घेऊन 2026 चा दौरा जाहीर केला. पिअर्टची जागा कुणी घेऊ नये असं म्हणणाऱ्यांचं दुःख आम्ही समजतो, पण ही गाणी वाजत राहावीत या बाजूनं आम्ही आहोत.

त्याआधी 'आर40 लाइव्ह' मात्र पाहून घ्या. 2015 च्या त्या दौऱ्यात गाणी उलट्या क्रमानं वाजवली, 2012 पासून मागे मागे 1974 पर्यंत. पाहताना मंचाकडे लक्ष ठेवा. कामगार गाण्यागणिक सामान हलवत राहतात, मागचा पसारा त्या त्या काळाचा होत जातो आणि कमी कमी होतो. शेवटच्या 'वर्किंग मॅन'पर्यंत मागे शाळेचा जिम उरतो आणि त्यात खुर्चीवर ठेवलेले ॲम्प.